छर्रे न लागलेला शाफ्ट

विलास,

रविवारी अमरावतीत तुझी शोकसभा झाली. मी मागच्या कोपऱ्यात बसलो होतो. फोटोला घातलेला हार फोटोपेक्षा मोठा होता आणि त्यात तुझी हनुवटी बुडाली होती. बोलणारे एकामागून एक उठत होते. एका कारखानदारानं माईक हातात धरून सांगितलं, "विलासरावांनी उभ्या आयुष्यात कच्चं काम दाराबाहेर जाऊ दिलं नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. सुनीतावहिनींनी डोळ्याला पदर लावला. मग तुझा राहुल माझ्याजवळ येऊन वाकला. म्हणाला, "काका, तुमी बोला ना दोन शब्द. बाबाले तुमच्याएवढं कोन ओळखत होतं?"

मी घसा बसल्याचं सांगितलं. घसा ठणठणीत होता. पण जे बोलायचं होतं ते त्या पोरासमोर, त्या हारासमोर बोलता आलं नसतं. म्हणून आता तुझ्याशीच बोलतो. तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे. जिवंत होतास तेव्हा तरी कुठे ऐकलंस?

आठवतं तुला, पहिल्यांदा अकोल्याला माझ्या घरी आलास ते? आपण कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होतो. ईद होती. शीरखुर्म्याच्या दोन वाट्या संपवून तू म्हणालास, "तुह्या अब्बाचं दुकान पाहू दे." जुन्या शहरात, मोर्णेच्या अंगाला आमचं कमानींचं, म्हणजे गाडीखालच्या स्प्रिंगपाट्यांचं दुकान. ट्रकच्या, ट्रॉलीच्या, बैलगाडीपेक्षा जरा बऱ्या अशा कुठल्याही गाडीच्या तुटलेल्या कमानी तिथे यायच्या. अब्बा नवा पाटा तापवून वाकवायचे, पाणी द्यायचे, आणि थंड झाल्यावर गोल डोक्याच्या हातोडीनं त्याला सगळीकडून ठोकायचे. सगळीकडून म्हणजे एकाच बाजूनं. खोलगट, आतली बाजू. त्यावर एवढे बारीक खड्डे पडायचे की पाटा देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखा दिसायचा.

मला त्याची लाज वाटायची. इंजिनिअरिंग शिकत होतो ना. धातू गुळगुळीत असावा, चकचकीत असावा, एवढंच मला कळायचं. तू मात्र खाली मांडी घालून बसलास आणि पाट्यावरून बोट फिरवत राहिलास. मग अब्बांना विचारलंस, "चाचा, ह्याच बाजूले काहून ठोकता?"

"इधरसेच तुटतं बेटा," अब्बा म्हणाले. "ठोकलं का मंग लवकर नाही तुटत. मेरे वालिद बी ऐसाच करते थे."

परत अमरावतीला जाताना बसमध्ये तू सारखा बोलत होतास. गाडीत वजन पडलं की ताण आतल्या बाजूवरच येतो, हे आपल्याला पुस्तकातनं आकृती काढून शिकवतात आणि ह्या माणसाला हातानं माहीत आहे! मी काही समजलो नव्हतो. तेव्हा रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. तू तो दाखवलास. "सुट्ट्या कापसात बोट घाल, जाते. त्या दाबलेल्या गाठीत घालून दाखव. नाही जात. तुह्या अब्बानं पाट्याच्या कातडीची गाठ केली बे. तडा जायले जागाच नाही राहिली." धातूला रोजचा ताण लाखो वेळा बसला की तो थकतो, आणि थकवा बहुतेक वेळा वरच्या कातडीतूनच सुरू होतो. ती कातडी ठोकून, दाबून घट्ट करून ठेवली की तडा उघडतच नाही. आयुष्यभर मी जे काम केलं ते सगळं मला तू एका ट्रककडे बोट दाखवून शिकवलंस. प्राध्यापकांनी एक अख्खं सत्र घेतलं होतं आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं.

हे ऋण मी नाकारत नाही. आज मला तुझा राग येतो, तो ह्या ऋणासकट येतो. नुसता राग असता तर बरं झालं असतं.

मग आपण अकोल्यात शेड घेतली. हातोडीचं काम मशीननं करायचं. पोलादाचे बारीक छर्रे, जोरात फिरणाऱ्या चाकावरून फेकलेले, शाफ्टच्या, कमानीच्या, गिअरच्या अंगावर आदळायचे. पावसाळ्यात पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. अख्ख्या वऱ्हाडात हे काम करणारं दुसरं कोणी आपल्याला तरी माहीत नव्हतं. सरकीवाले, जिनिंगवाले, ट्रॉलीवाले सगळे आपल्याकडे यायचे. प्रत्येक मालासोबत तू पोलादाची एक पातळ पत्ती मशीनमध्ये बांधायचास. छर्रे लागले की ती वाकते; किती वाकली ते मोजून मार बरोबर बसला की नाही ते कळतं. कमी वाकली तर तू माल परत आत टाकायला लावायचास. गिऱ्हाईक दारात उभं राहून शिव्या द्यायचं. तू म्हणायचास, "मशीन नाही मानत तर मी काहून मानू?"

तो विलास खरा होता. रविवारी ज्याच्याबद्दल बोलले तो माणूस होऊन गेला, विलास. मी पाहिलेला आहे. म्हणून तर.

अब्बा गेले तेव्हा तू तुझ्या गावाहून, वलगावहून आलास, आणि कबरस्तानापर्यंत खांदा बदलू दिला नाहीस. नंतर ओट्यावर बसून तुझा माझ्याशी वाद. तू म्हणालास, चाचाचं काम चांगलं होतं, पण हातानं एखादी जागा सुटतेच, आणि जी सुटते तिथूनच तुटते. मी म्हटलं, अब्बांच्या हातून जागा सुटत नव्हती. त्या दिवशी असा वाद घालणारा माणूस दुसरा कोणी असता तर मी उठून गेलो असतो. तू होतास म्हणून रडता रडता भांडलो, आणि त्यानंच जरा मोकळं वाटलं.

आता त्या हंगामाचं बोलू.

हिवरखेडकडच्या एका जिनिंगचा माल होता. कापूस ओढणाऱ्या मोठ्या पंख्याचा शाफ्ट. जुना मोडला होता, जिन बंद पडलं होतं, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. मालकाचा माणूस सकाळपासून आपल्या शेडमध्ये बसून होता. आणि आपल्या मशीनच्या चाकाची पाती झिजून गेलेली. छर्रे नुसते सांडत होते, मार लागत नव्हता. पत्ती सरळच्या सरळ बाहेर आली. नवी पाती यायला चार दिवस लागणार होते.

"चार दिवस थांबा म्हन त्यायले," मी तुला म्हटलं.

"त्यायचं जिन बंद हाय, सलीम."

"राहू दे बंद. खांदा पाह्य त्याचा. ग्राइंडरच्या रेघा हायेत आडव्या. तिथूनच जाईन."

खांदा म्हणजे जिथे शाफ्टचा जाड भाग संपतो आणि बारीक भाग सुरू होतो तो कोपरा. सगळा ताण तिथे गोळा होतो. छर्रे सगळ्यात जास्त कुठे लागायला हवे असतील तर तिथे. तुला हे मी सांगावं?

"पॉलिश मारून देतो," तू म्हणालास.

"पॉलिशनं काय होते? निदान हातानं ठोकतो. अब्बाची हातोडी घरीच हाय."

तू हसलास. मालकाच्या माणसासमोर हसलास. "हातोडीचा जमाना गेला बे."

मी तोंड पाडून गिअरच्या कामाला लागलो. तासाभरानं पाहिलं तर शाफ्ट गाडीत चढला होता. फायलीत आधीच्या मालाची, नीट वाकलेली पत्ती लावलेली होती आणि तिच्यावर ह्या शाफ्टचा नंबर होता. अक्षर तुझं. मी गाडी अडवायला हवी होती. अडवली नाही. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, माझ्या बायकोला, नजमालासुद्धा नाही.

हंगाम संपायच्या आत शाफ्ट तुटला. पुली पट्ट्यासकट सुटली आणि मशीन चालवणाऱ्या देवानंद तायडेच्या गुडघ्यावर बसली. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

आपण दोघं तिथे गेलो. तुटलेले दोन तुकडे पोत्यावर ठेवले होते. तू चष्मा वर केलास आणि वाकलास, मीही वाकलो. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा रेषा होत्या, एकीच्या आत एक. त्या सगळ्या खांद्यावरच्या एका आडव्या रेघेपासून निघत होत्या. जवळजवळ सगळं तोंड असं गुळगुळीत, आणि शेवटी खडबडीत तुटलेला भाग चिंचोक्याएवढा. जादा जोरानं तुटलं असतं तर तो खडबडीत भाग मोठा असता. हळूहळू, रोजच्या साध्या ताणानं, कातडीपासून आत आत गेलेला तडा होता तो. आपण दोघांनी ते एकदाच पाहिलं आणि एकमेकांकडे पाहिलं नाही.

मालक म्हणाला, तुम्हीच लिहून द्या साहेब, इथे दुसरं कोण आहे धातू समजणारं.

आणि तू लिहिलंस. पट्टा प्रमाणाबाहेर ताणला गेल्यामुळे शाफ्ट तुटला. म्हणजे तो ज्यानं ताणला त्याची चूक. म्हणजे देवानंदची. दवाखान्यात तेव्हा त्याला धड शुद्धही नव्हती.

शेडमध्ये मी तुझ्यावर ओरडलो. तू खुर्चीत बसून होतास. "खरं लिहिलं तर शेड बंद होईन," तू म्हणालास. "आठ घरं हायेत आपल्यावर. तुहं नववं, माहं दहावं. मोज."

"आन त्याचं घर?"

"त्याचा पाय आता वापस येते का?"

हे वाक्य मी तुला कधी माफ केलं नाही. शोकसभेत तुझ्या फोटोकडे बघताना मला तेच ऐकू येत होतं. पण विलास, त्या कागदावर दोन भागीदारांच्या सह्या लागत होत्या, आणि दुसरी सही माझी आहे. तू माझा हात धरून करवली नाहीस. कागद टेबलावर ठेवून तू बाहेर गेलास. मी एकटा होतो खोलीत. पेन माझंच होतं.

देवानंदला कामावरून काढलं. मी महिन्याभरात भागीदारी सोडली आणि अब्बांच्या दुकानात जाऊन बसलो. लोकांना वाटलं आपलं काहीतरी वाटणीवरून बिनसलं. मला वाटायचं, मी निघून आलो म्हणजे मी वेगळा झालो. तू शेड चालवत राहिलास. नवी पाती बसवलीस. नंतर एकही माल तू तसा सोडला नाहीस असं ऐकलं. शोकसभेतलं ते वाक्य एका शाफ्टपुरतं खोटं होतं. पण त्या एका शाफ्टखाली एक माणूस होता.

चार वर्षं आपण बोललो नाही. मग दोन महिन्यांपूर्वी, एका सकाळी, तू दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिलास. मी आधी ओळखलंच नाही. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. आजाराचं तू काही सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. चहा मागवला. तू अब्बांची हातोडी उचललीस आणि समोरच्या पाट्यावर ठोकायला लागलास. पाच-सहा घाव घातलेस आणि धाप लागली.

"इथं जागा सुटली पाह्य," तू बोट ठेवून म्हणालास.

"तूच सोडली," मी म्हटलं.

तू हातोडी खाली ठेवलीस. मग म्हणालास, "सलीम, हिवरखेडले जाऊन ये एक डाव."

मला एवढा संताप आला! मेला तरी हा माणूस मलाच पाठवेल, असं वाटलं. मी म्हटलं, "तू जाय अगोदर. लिहिलं तूनं, पाप तुहं हाय."

चहा अर्धा ठेवून उठलास. रिक्षात बसताना म्हणालास, "बरं." बस. हेच आपलं शेवटचं बोलणं. तीस वर्षांच्या दोस्तीचं शेवटचं बोलणं, एक 'बरं'.

शोकसभा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हिवरखेडला गेलो. तुझ्यासाठी नाही. तू आता उलट बोलू शकणार नव्हतास, म्हणून मला हिंमत आली होती. हो, एवढाच शूर आहे मी. तुझ्या नावावर सगळं टाकून मोकळं व्हायचं, असा विचार एसटीत बसल्यापासून चालला होता. वाक्यं जुळवत होतो. 'विलासनं केलं, मी नको म्हणत होतो.'

देवानंद घरासमोर खाटेवर बसून शिलाई मशीनचं काहीतरी दुरुस्त करत होता. कुबड्या भिंतीला टेकलेल्या. मी नाव सांगितलं. त्यानं हातातला पेचकस बाजूला ठेवला.

"सलीमभाई? कमानीवाले?"

"हो."

"लय उशीर केला तुमी," तो म्हणाला.

मला कळेना. त्याची बायको संगीता आतून पाणी घेऊन आली, तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला, हातात दिला नाही.

"इंजिनिअर साहेब येऊन गेले," देवानंद म्हणाला. "वर्ष होऊन राहिलं आता. ह्याच खाटेवर बसले होते. सारं सांगतलं त्यायनं. मशीन खराब होती, शाफ्टले छर्रे नाही लागले, पट्ट्याचं खोटं लिहिलं. रडले बी. मी विचारलं, आनखी कोनाले मालूम हाय हे? तं म्हने, सलीमले. तो नाही म्हनत होता, पन सही त्याची बी हाय. मी म्हटलं, मंग ते काहून नाही आले? तं म्हने, येईन. तो माह्यापरीस चांगला मानूस हाय. आपल्या मनानं येईन."

विलास.

तू जाऊन आला होतास. दुकानात माझ्यासमोर बसून, मी 'तू जाय अगोदर' म्हणत असताना, तू जाऊन आलेला होतास. काहून नाही बोलला बे? एक वाक्य होतं. मला शरम वाटू नये म्हणून? की मी आपल्या मनानं जातो का ते पाहायला, चांगला माणूस? मी तिथे खाटेजवळ उभा होतो आणि तुला शिव्या देत होतो. जिवंतपणी एवढ्या दिल्या नसतील. तू मला चांगला म्हणालास आणि हा माणूस वर्षभर त्या चांगल्या माणसाची वाट पाहत बसला.

"मी म्हटलं त्यायले, हे लिहून द्या," देवानंद सांगत होता. "कामगार कोर्टात केस हाय माही. वकील म्हनते, तोंडाचं नाही चालत, कागद पायजे. साहेबानं हात जोडले. म्हने, पोरगा आत्ताच धंद्यात आला हाय, लिहिता नाही येत. उठून गेले."

म्हणजे तू बोललास, पण लिहिलं नाहीस. रडून मोकळा झालास आणि माणसाला जिथल्या तिथं ठेवून आलास. विलास, तुझा हा अर्धवटपणा मी कोणापाशी नेऊ?

"कागद हाय का घरात?" मी विचारलं.

संगीतानं पोरीच्या वहीतली दोन पानं फाडून आणली. मी खाटेच्या कडेला बसून लिहिलं. मशीनचं, पातीचं, पत्तीचं, खांद्याचं, तुटलेल्या तोंडावर काय पाहिलं त्याचं. तुझं नाव लिहिलं, पूर्ण. माझं लिहिलं. मी गाडी अडवली नाही हे लिहिलं. ह्या कागदाचं पुढे काय होईल ते मला माहीत आहे. राहुलच्या शेडचं काय होईल तेही. तो मला काका म्हणतो, ह्यापुढे म्हणणार नाही. सुनीतावहिनी दार उघडणार नाहीत. माझ्यावर जे यायचं ते येईल. सही करताना ह्या वेळी मला थांबावंसं वाटलं नाही.

देवानंदनं दोनदा वाचलं. मग म्हणाला, "माह्या बापाले वाचून दाखवा."

म्हातारा समोरच्या घराच्या ओट्यावर बसला होता. संगीता हळूच म्हणाली, "चार वर्सं झाले, मामंजी ह्यायच्याशी धड बोलत नाहीत. आपल्या हातानं पाय तोडून घेतला म्हनतात. साहेब येऊन गेले ते सांगतलं, पन खरं नाही मानलं. कानानं कमी ऐकू येते त्यायले. जोरानं बोला."

मी गल्ली ओलांडून गेलो आणि वाचायला लागलो. म्हाताऱ्यानं कानामागे हात धरला आणि मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. मी आवाज चढवला. शेजारची दोन दारं उघडली. एक बाई हातातलं सूप घेऊन बाहेर आली. छर्रे, खांदा ह्यातलं त्याला काही कळत नव्हतं, ते दिसत होतं. मी कागद खाली केला आणि ओरडलो, "बाबा, पट्टा बरोबर होता! देवानंदनं पट्टा बरोबर ताणला होता!"

म्हाताऱ्यानं पलीकडे, खाटेवर बसलेल्या पोराकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळला.

"मंग चूक कोनाची होती?"

"आमची," मी म्हटलं.

"आँ?"

गल्लीत आता दहा-बारा माणसं होती. मी तुझं नाव घेतलं, विलास, मग माझं घेतलं, आणि पुन्हा ओरडून सांगितलं.